वाटेकरी

"तीस फुटांत काय होतंय?" दादा म्हणाला. "ती सारखी पुढे पळते आणि मी मागून नुसता बघत बसतो. छोटे, तू रेंज वाढव."

चाळिशी उलटल्यावरही मला छोटी म्हणणारा या जगात एकच माणूस उरलाय, आणि त्याने तशी हाक मारली की समजायचं, काहीतरी मागणं आहे. मी टेबलावरची खडूची पूड फुंकली आणि नकाशाकडे बघत राहिले.

आम्ही दर रविवारी दुपारी माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत खेळतो. दुकान अल्टरेशनचं आहे. लोक वाळले की त्यांचे कपडे आत घ्यायचे, सुटले की बाहेर सोडायचे, आणि दोन्ही वेळेला 'छान दिसतंय' म्हणायचं, हा माझा धंदा. रविवारी दुकान बंद असतं, मग कापड बेतायचं लांबलचक टेबल आमचंच. त्यावर मी खडूने चौकोन आखते, भिंती काढते, नदी काढते. राक्षस म्हणजे ओव्हरकोटाची मोठी काळी बटणं. दादाचा रक्षक म्हणजे शिवताना बोटात घालायचं पितळी अंगुस्तान, माझ्या वहिनीची हेर म्हणजे मशीनची बॉबिन, आणि शेजारच्या दुकानातले चष्मेवाले जो जादूगार खेळतात तो म्हणजे एक हिरवं काचेचं बटण. ते एकच होतं म्हणून त्यांना दिलं, नाहीतर त्यांचा स्वभाव बघता मी त्यांना हुक दिला असता.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही ते विचारतात, यात जिंकतं कोण? कुणी नाही. एकीने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीत जगायचं, एवढंच. मी म्हणते, समोर दार आहे. वहिनी म्हणते, मी कान लावून ऐकते. मग ती वीस बाजूंचा फासा टाकते आणि ऐकू आलं की कानाला विंचू चावला, ते फासा ठरवतो. प्रत्येकाला ठरावीक प्राण दिलेले असतात. घाव बसला की कमी होतात, शून्य झाले की तुमचा माणूस मेला. हसण्यासारखं आहे खरं, पण आम्ही चौघं सहा वर्षं एकही रविवार न चुकवता हे करतोय, आणि लग्नाकार्यालासुद्धा आम्ही दुपारनंतरच तोंड दाखवतो.

रक्षकाकडे एक शक्ती असते, तिचं नाव वाटेकरी. त्याच्यापासून तीस फुटांच्या आत, म्हणजे सहा चौकोनांत, कुणा सोबत्याला घाव बसला तर त्यातला अर्धा रक्षकाच्या अंगावर येतो. तो सोबत्याला विचारत नाही आणि सोबत्याने मागावंही लागत नाही. आपोआप येतो.

दादाने पहिल्या दिवशी पुस्तकातलं हे वाक्य वाचलं आणि पुढचं पानच उलटलं नाही. "हाच," म्हणाला.

मला काही आश्चर्य वाटलं नाही. दादा आहेच तसा. तो कवळ्या बनवतो. दिवसभर परक्या माणसांच्या जबड्यांचे साचे समोर ठेवून बसायचं आणि या बाईला इथे टोचत असेल, या म्हाताऱ्याला तिथे घासत असेल, म्हणून कळवळायचं. वहिनीची अक्कलदाढ काढली तेव्हा दोन दिवस पातळ खाणं यानेही खाल्लं. तिची नोकरी गेली तेव्हा झोप याची उडाली आणि ती याला थोपटत बसली. तिचे वडील गेले तेव्हा तर कहर झाला. दादा असा कोसळला की भेटायला येणारे सरळ त्याच्याकडेच जायचे. वहिनी आत सगळ्यांच्या चहाचं बघत होती. एका बाईंनी तिला विचारलंसुद्धा, "तुम्ही यांच्यातल्या कोण?"

ढोंग असतं तर मी त्याला कधीच फटकावलं असतं, माझी जीभ काही कुणाची मिंधी नाही. पण ढोंग नाही. खरंच दुखतं त्याला, आणि तीच पंचाईत आहे. चांगल्या माणसावर ओरडायचं कसं, हे मला अजून जमलेलं नाही.

"किती वाढवू?" मी विचारलं.

"पूर्ण नकाशा," दादा म्हणाला.

चष्मेवाल्यांनी पुस्तकावर हात ठेवला. त्यांना ते पुस्तक मुखोद्गत आहे, तरी हात ठेवतात. "तीस म्हणजे तीस," ते म्हणाले. "फार तर चाळीस करा. पूर्ण नकाशा दिला तर रक्षकाने चालायचंच कशाला? मागे बसून उंटावरून शेळ्या हाकाव्यात."

"घाव मी खातोय ना? तुमच्या खिशातलं काय जातंय?"

"प्रश्न खिशाचा नाही. हेर एकटी पुढे जाते त्यात धोका असतो. धोका नसेल तर मजा काय?"

"तुमची मजा होते हो," दादा म्हणाला, "जीव माझा जातो."

आमच्या टेबलाची एक रीत आहे. पुस्तकातला नियम बदलून घरचा नियम करायचा असेल तर बटणांच्या रिकाम्या डब्यात चौघांनीही आपापला फासा टाकायचा. एकाने जरी हात आखडला तरी नियम नाही. आणि एकदा चारही पडले की ती गोष्ट संपेपर्यंत माघार नाही. ही रीत चष्मेवाल्यांनीच काढली, कारण चार माणसांचं एकमत होणार नाही आणि पुस्तक सुरक्षित राहील, असा त्यांचा हिशोब.

दादाने फासा टाकला. एवढ्याने माणूस खूश होत असेल तर होऊ दे, असं म्हणून मी टाकला. शिवणीत कापड शिल्लक असलं की मी सोडून देते, माझा हात तसाच वळलाय. चष्मेवाले कुरकुरले आणि त्यांनीही टाकला, कारण दोन फासे पडल्यावर वाईटपणा कोण घेणार. मग सगळ्यांनी वहिनीकडे बघितलं. ती नकाशावरच्या नदीकडे बघत होती. तिने न बघताच हात लांब केला आणि फासा सोडला. दादाचा चेहरा असा उजळला की मलाच बरं वाटलं.

त्यानंतरचे रविवार मात्र मला आठवायला नको वाटतात.

वहिनी हेर फार सुंदर खेळायची. खऱ्या आयुष्यात ती जमीन मोजते. तिपाई खांद्यावर टाकून डोंगर चढणारी, उन्हात हद्दीचे दगड शोधणारी बाई. टेबलावरही ती तशीच होती. सगळ्यांच्या पुढे, अंधारात, एकटी. दार उघडायची, खड्ड्यात पडायची, खड्ड्यातून ओरडायची, "इथे पायऱ्या आहेत रे!" आता ती खड्ड्यात पडली की टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दादा कण्हायचा. बाण तिला लागला की तो खांदा चोळायचा. "असू दे," म्हणायचा. "माझ्यावर येऊ दे. तू जा बिनधास्त."

बिनधास्त कसली जाते! ती आधी विचारायला लागली, "त्याचे किती प्राण राहिलेत?" दार उघडण्याआधी, उडी मारण्याआधी, प्रत्येक वेळी. मग ती दारं उघडेनाशी झाली. मग मागे चालायला लागली. शेवटी तर आमची हेर सामानाच्या खेचरांजवळ बसून राहायची आणि पुढच्या खोलीत काय आहे ते चष्मेवाल्यांचा जादूगार ठेचकाळत बघून यायचा. वाटेत वाघ असला तरी त्याने झडप घातल्यावरच आम्हाला कळायचं.

"सांगत होतो," चष्मेवाले मला दारात म्हणाले. "अति तिथे माती."

दादा मात्र सुखात होता. "बघ," मला म्हणाला, "आता तिला एक ओरखडा आलेला नाही."

एका कामाच्या दिवशी वहिनी दुकानात आली. हातात साइटवर घालायची जाड पँट. खिसे खोल करून हवेत आणि गुडघ्यांना आतून दुहेरी कापड हवं, म्हणाली.

"एवढं कुठे रांगणार आहेस?" मी विचारलं.

तिने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि स्टुलावर बसली. धरण बांधतायत, म्हणाली. खूप वर, डोंगरात. पाणी कुठपर्यंत चढेल त्याची रेषा आखायचीय, दऱ्याखोऱ्यांतून, पायी. तंबूत राहायचं. दोन वर्षांचं काम. तिला मोजणीची प्रमुख म्हणून बोलावलंय आणि सोमवारी उत्तर द्यायचंय.

"दादाला?"

"नाही सांगितलं."

"का? तो काय तुला कोंडून ठेवणार आहे?"

"तो? तो माझी बॅग भरून देईल." ती हसली. "आणि मग अन्न सोडेल. मुद्दाम नाही गं, जाणारच नाही त्याच्या घशाखाली. मी तिथे घसरून पडले की इथे याचा पाय सुजेल. रोज संध्याकाळी फोनवर मी त्याला समजावत बसेन की मला काही झालेलं नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ना? माझं मला कळूच दिलं नाही कुणी. बाबा गेले त्याला किती वर्षं झाली, मी अजून रडलेली नाही. वेळच मिळाला नाही, तो रडत होता."

मी टाचण्या गोळा करत राहिले. मला काय वाटलं ते सांगते. ती गेली तर माझे रविवार गेले, आणि नणंद-भावजय असूनही ती माझी एकुलती एक मैत्रीण आहे, हे मला लख्ख दिसत होतं. तरी मला वाटलं, जा बाई. एक तरी जण जा.

"तो नियम काढ," ती म्हणाली.

"गोष्ट संपेपर्यंत निघत नाही. तुझाच फासा पडलाय."

"मग संपव गोष्ट."

"आणि?"

"आणि मला मरू दे त्यात. नीट, एकटीला. त्याला एकदा बघू दे की मला पूर्ण लागलं तरी तो जिवंत राहतो. मग त्याच बैठकीला मी सांगते त्याला. नाहीतर मला कधीच जमणार नाही."

"पूर्ण नकाशाभर रेंज आहे त्याची. मरशील कुठे?"

"नकाशा कुठे संपतो ते मला काय विचारतेस," ती म्हणाली, "हेच काम करते मी."

तेव्हा आम्ही दोघींनी मिळून तो बोगदा रचला. किल्ल्याचं मोठं लोखंडी दार वरून खाली पाडून फौजेची वाट अडवायची साखळी एका अरुंद बोगद्याच्या टोकाला, एकच माणूस रांगत जाईल एवढी जागा. दार पडलं की शहर वाचणार, पण साखळी ओढणारा आतच अडकणार. आणि बोगद्याचं ते टोक टेबलाच्या काठापलीकडे. नियमात शब्द होते 'पूर्ण नकाशा', आणि काठापलीकडे नकाशा नव्हता. मी पँटचे खिसे इतके खोल केले की तिचा हात कोपरापर्यंत जाईल. मला वाटलं होतं जमेल. खरंच वाटलं होतं.

रविवारी दादाने सगळ्यांसाठी संत्री आणली होती आणि वहिनीच्या संत्र्याच्या बिया काढून दिल्या होत्या.

काळ्या बटणांची फौज टेबलाच्या एका टोकाकडून सरकायला लागली. मी बोगद्याचं सांगितलं. वहिनी लगेच म्हणाली, "मी जाते." कित्येक रविवारांनी तिचा असा आवाज ऐकला. बॉबिन एकेक चौकोन पुढे गेली. टेबलाचा काठ आला.

"बोगदा पुढे जातो," मी म्हटलं.

तिने बॉबिन उचलली, उठली, आणि पलीकडे शिलाई मशीनच्या पाटावर नेऊन ठेवली.

"तिथे कुठे?" दादा म्हणाला.

"नकाशाबाहेर," मी म्हटलं.

"नकाशाबाहेर वाटेकरी लागू नाही," चष्मेवाले सवयीने बोलून गेले, आणि दादाचं तोंड बघून त्यांनी जीभ चावली.

दादाला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याने डबा पुढे ओढला. "नियम बदलू," म्हणाला. "पूर्ण नकाशा नको. 'जिथे असेल तिथे' असं करू." आणि त्याचा फासा डब्यात पडलासुद्धा.

मला वाटलं, चष्मेवाले आहेत. भिंतीसारखा माणूस, पुस्तकापलीकडे हलायचा नाही. त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. "आमची ही गेली तेव्हा," ते म्हणाले, "ती दवाखान्यात काचेच्या आत आणि मी बाहेर बाकावर. मला कुणी असला नियम दिला असता, तर मी अर्धा काय, सगळा घेतला असता हो." त्यांनी फासा टाकला. सहा वर्षांत त्या माणसाने बायकोचं नाव काढलं नव्हतं, आणि काढलं ते नेमकं त्या दिवशी.

"अगं, टाक ना," दादा वहिनीला म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

ती मशीनजवळ उभी होती. डब्याकडे बघत होती. मी मनातल्या मनात ओरडत होते, नको टाकूस, बाई, नको टाकूस. ती आली आणि तिने फासा टाकला. तिला नाही म्हणता येत नाही असं नाही. साइटवर ती ठेकेदारांना रडवते. पण याला नाही म्हटलं की याला लागणार, आणि याला लागलेलं तिलाच बघत बसावं लागणार. त्यापेक्षा फासा टाकणं स्वस्त पडतं, हे तिला लग्नाच्या इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

तीन फासे पडले. माझा मी मुठीत धरला.

"छोटे."

"नाही."

"अगं, एक फासा टाकायला तुझं काय जातंय?"

"नाही म्हटलं ना! काल नाही, आज नाही, उद्या नाही. नियम झाला नाही. बस खाली."

मी त्याच्यावर अशी कधी ओरडले नव्हते. तो बसला. चष्मेवाल्यांनी मान खाली घातली. मी वहिनीला म्हटलं, "अंधारात तीन जण आहेत. पहिला बाण सुटला."

ती उभ्याउभ्याच खेळली. दादाकडे तिची पाठ होती. "किती?" तिने विचारलं.

"अकरा."

"अकराच्या अकरा?"

"अकराच्या अकरा."

"बरं," ती म्हणाली, आणि अकरा प्राण तिने स्वतः वजा केले. मग ती रांगत पुढे गेली. दुसऱ्याला लाथेने पाडलं, तिसऱ्याच्या हातातला दिवा विझवला, पाय मोडला, मोडक्या पायाने सरकली. प्रत्येक घावाला ती विचारायची, सगळा माझाच ना? आणि मी म्हणायचे, सगळा तुझाच. तिचे गाल लाल झाले होते. एवढी खूश मी तिला आजवर पाहिली नव्हती, तिच्या लग्नातही नाही. शेवटचा एक प्राण उरला असताना तिने साखळी धरली आणि फासा टाकला. अठरा पडले. दार कोसळलं, शहर वाचलं, आणि अंधारातून आलेला शेवटचा भाला तिने अख्खा घेतला.

"मेले," वहिनी म्हणाली. तिने मोठा श्वास सोडला आणि ती वळली.

दादाने अंगुस्तान आडवं केलं होतं.

"माझाही संपला," तो म्हणाला.

"तुमचे सगळे प्राण शिल्लक आहेत," चष्मेवाले हळूच म्हणाले. "तुम्हाला एक घाव नाही."

"असू देत. दारापाशीच निजला तो. आता उठायचा नाही."

"नियमात असं नाही बसत हो."

"नियम कशाला पाहिजे त्याला," दादा म्हणाला, आणि हाताच्या पंजाने डोळे पुसायला लागला. नाटक नव्हतं त्यात काही. एका बॉबिनसाठी तो माणूस मनापासून रडत होता.

वहिनी त्याच्याजवळ येऊन उभी राहिली. "मला एक सांगायचं होतं," ती म्हणाली.

"काय गं?" त्याने वर बघितलं.

तिने त्याचा चेहरा बघितला. मी तिच्याकडे बघत होते, म्हणून मला कळलं की त्या क्षणी काय गेलं. "काही नाही," ती म्हणाली. "संत्र्याची सालं गोळा कर, मुंग्या येतील."

मग माझी जीभ सुटली. सुटली ते बरं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही. मी म्हटलं, दादा, तिला धरणावर बोलावलंय, प्रमुख म्हणून, दोन वर्षं, उद्या उत्तर द्यायचंय, आणि तुझ्या तोंडाकडे बघून तिच्या घशातून शब्द फुटत नाहीये. तिला एकटीला जायचंय. तिला जाऊ दे.

दादा माझ्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. आता चिडेल, मला वाटलं. देवा, एकदा चिडू दे याला. चिडला असता तर तिला भांडता आलं असतं.

"अगं वेडे," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा अगदी उजळून गेला. "हे सांगायला घाबरलीस? प्रमुख! मग मी येतो की. कवळ्या काय, कुठेही बनतात. नाही बनल्या तर नाही. उद्याच मालकांना सांगतो. तंबू तर तंबू. तुला थंडी सोसत नाही, तिथे एकटी काय करशील? तू रेषा आखत जा, मी मागून तुझी तिपाई घेऊन येतो." तो उठलाच. "पायाचं माझं थोडं दुखणं आहे चढाचं, पण होईल सवय. तुझ्यापुढे काय आहे ते?"

तो आला असता. सगळं सोडून, गुडघा धरून, हसत, रोज सगळा डोंगर चढला असता. त्यात शंकाच नव्हती. एका माणसाला याहून जास्त काय देता येतं, तुम्हीच सांगा. आणि मी माझ्या मुठीतला फासा असा दाबला होता की तळव्यावर त्याचे कोपरे उमटले.

"नको," वहिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "मी नाही म्हणून कळवलंय त्यांना. कालच."

खोटं होतं ते. त्या दिवशी सकाळीच तिने मला फोन करून होकाराच्या पत्राची भाषा विचारली होती. मी तोंड उघडलं आणि तिने माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं.

"नाही म्हणून कळवलंस?" दादा खाली बसला. "का गं? एवढी मोठी संधी! माझ्यासाठी? माझ्यासाठी सोडलीस?" आणि मग तो पुन्हा रडायला लागला, आधीपेक्षाही जास्त, आता तिच्या धरणासाठी. चष्मेवाले उठून त्याच्या पाठीवर हात फिरवायला लागले. "होतं असं," म्हणाले, "येईल दुसरी संधी." दादा मान हलवत म्हणत होता, नाही हो, अशी परत येत नाही, तिचं किती स्वप्न होतं तुम्हाला माहीत नाही.

वहिनीने सालं गोळा केली आणि कागदात बांधली. मग ती टेबलापाशी आली आणि ओल्या फडक्याने नकाशा पुसायला लागली. आधी किल्ला गेला, मग बोगदा. मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही, पण पुसायचंही थांबवलं नाही.

"पुढच्या रविवारी नवीन गोष्ट सुरू करशील ना?" तिने विचारलं.

"करेन," मी म्हटलं. "कोण होणार तू?"

तिने थोडा विचार केला. दादाचं रडणं आता कमी होत आलं होतं.

"फारसं चालावं लागत नाही," ती म्हणाली, "अशी कुणीतरी दे."